खुंटीचा सूर

तीर्थरूप आर्नो मामांना, मठातल्या गार फरशीवरून भाचा फुल्को याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? पेट्रोनिला मामींचा खोकला गेला का? मधमाश्या हिवाळ्यातून सुखरूप निघाल्या ना? (मी माश्यांची चौकशी आधी करणार होतो, पण पत्र तुम्ही पाद्रीबुवांकडून मोठ्याने वाचून घेता, आणि मामी तिथेच बसलेल्या असतात.)

माझं रडगाणं मागच्या पत्रात कळवलंच होतं. आमचे गायनप्रमुख एमेरिक यांनी नवं खूळ काढलं आहे: दोघांनी एकाच वेळी दोन निरनिराळे सूर गायचे. खालच्याने जुनी चाल धरायची, पण एकेक सूर इतका लांबवायचा की ही चाल आहे याचाच विसर पडावा. आणि वरच्याने त्या सुरावर मनसोक्त बागडायचं. वरचे अर्थातच एमेरिक. खालचा मी. "फुल्को, तू खुंटी आहेस," असं ते मला प्रेमाने म्हणतात. "खुंटी हलली की घोंगडं खाली!" त्यांनी माझी बाही ओढली की मी पुढच्या सुरावर जायचं. तोवर चोरून श्वास घेत उभं राहायचं. मामा, मला स्वयंपाकघरात जायचं होतं. तिथे माणसाला निदान हलता येतं.

मठाधिपतींना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "दोघं एकदम बोलतात ते मासळीबाजारात," ते म्हणाले. "ईस्टरला एकदा ऐकतो. बिघडलं तर हे बंद, आणि एमेरिक, तुम्ही द्राक्षमळ्यात." एमेरिक पांढरेफटक पडले. कुदळ कुठल्या बाजूने धरतात हेही त्यांना ठाऊक नाही. सुरांखेरीज त्यांना जगात काही नाही. आणि मी (हसू नका) मनातल्या मनात मसुराच्या हंड्याची स्वप्नं बघू लागलो.

उपवासाचे चाळीस दिवस 'अलेलुया' हा देवाच्या स्तुतीचा शब्द म्हणायची बंदी असते. ईस्टरला तो शब्द परत येतो, तेव्हा आमचे म्हातारेसुद्धा टवटवीत होतात. माझ्या वाट्याला त्यातला 'अ' आला होता. (इतके दिवस पावटे खाल्लेल्या माणसाने पोटातून दम लावणं किती जोखमीचं, हे त्याच्या शेजाऱ्याला विचारावं.) मी 'अ' लावला. एमेरिक डोळे मिटून वर निघाले ते कुठे कुठे गेले देव जाणे. मी धरून आहे, धरून आहे, कान तापले, आणि एवढ्यात मनगटाला चटका बसला. मला वाटलं, बाही ओढलेली मला कळली नाही, म्हणून त्यांनी चिमटा काढला. मी पुढच्या सुरावर गेलो. मामा, तो चिमटा नव्हता. डोक्यावरच्या मेणबत्तीचं मेण गळलं होतं. (मेणबत्ती तुम्हीच बनवलेली, तुमच्याच माश्यांच्या मेणाची.)

त्या क्षणी दोन्ही सूर अगदी अंगाला अंग लावून उभे राहिले आणि एकमेकांना चावू लागले. असा आवाज आमच्या देवळात कधी झाला नव्हता. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि आता मला ते नको होतं. एमेरिकनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि पायरी उतरावी तसे हळूच माझ्या सुरावर आले. दोन सूर एक झाले. मामा, कसं सांगू? ते चावले नसते तर त्यांचं मिळणं कळलंच नसतं. छत वर गेल्यासारखं वाटलं. आपण केवढेसे, आणि केवढं काही धरून उभे आहोत! इतकी वर्षं मी गात होतो, पण गाणं ऐकलं ते त्या दिवशी. मी रडलो, पण सूर सोडला नाही.

मठाधिपतींनी नाक शिंकरलं. मग म्हणाले, "ते मधलं, जे दुखलं, ते मुद्दाम होतं?"

"मुद्दामच, महाराज," एमेरिक म्हणाले. (हे खोटं त्यांनी नंतर पापाच्या कबुलीत सांगितलं असेलच.)

"मग सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या सणाला पुन्हा करा. अगदी तस्संच."

मामींना नमस्कार, माश्यांना आशीर्वाद.

तुमचा भाचा आणि एमेरिकांची खुंटी,
फुल्को

ता. क. मठाधिपतींना भेटून मला स्वयंपाकघरात टाकायला सांगा, अशी मी मागच्या पत्रात तुमची विनवणी केली होती. निघाला असाल तर कृपा करून वाटेतूनच परत फिरा. मठाधिपती तुमचा शब्द मोडत नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटते.

ता. क. दुसरा. मेणबत्त्या गळतात अशी मठाची तक्रार तुमच्याकडे आली असेल. वाती सुधारू नका. पेंटेकॉस्टसाठी तशाच गळक्या पाठवा. आम्ही रोज तालीम करतो, पण चटका बसल्याशिवाय मला ती वेळ काही साधत नाही. मनगट तयार ठेवलं आहे.