आक्काच्या खांद्याचा लेप

७ डिसेंबर, नांदेड
आक्का आली! मुदखेडहून रेल्वेने, काखेत बोचकं. दारातच ओरडली, "माय माय! टकली लई गोड दिसायलीस गं!" मी हसले, मग रडले. कॅन्सरच्या औषधाने केस गेले तेव्हापासून घरात कोणी थट्टाच केली नव्हती. माझी थोरली बहीण ती, रोजाने कापूस वेचते. माझ्यासाठी मजुरी बुडवून आली.

१० डिसेंबर
सलाईन लागलं की नुसती गुंगी. जागी की झोपेत, कळत नाही. दुपारभर कापसाच्या रानात होते. आम्ही दोघी लहान — आक्का ओटीत कापूस भरत पुढे, मी मागे. सगळं पांढरं, आवाज कसला तो नाहीच. हाक मारली, पण ती वळेना. डोळे उघडले तर उशाशी तीच, पेजेची वाटी घेऊन. किती बरं वाटलं!

१२ डिसेंबर
आक्का डावा हात वर नेत नाही. फळीवरचा डबा मला काढायला लावला — आजारी माणसाला! "खांदा भरलाय गं वेचून वेचून." चुना-गुळाचा लेप लावते, न्हाणीला कडी घालून. मी लावून देते म्हटलं, तर म्हणे, "तू पड गप."

१५ डिसेंबर
पाय चेपता चेपता तिने विचारलं, "तुला कळलं कसं? दुखत व्हतं का?"
म्हटलं, मुळीच नाही. आमच्या बँकेने दरवर्षीसारखी सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी केली, त्यात छातीत गाठ सापडली. हरभऱ्याएवढी. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, बऱ्या व्हाल.
आक्काचे हात थांबले. मग म्हणाली, "आमच्या गावात बी येतो की डॉक्टर तपासाया. पर ढोरं."
मी पोट धरून हसले. ती नाही हसली.

१६ डिसेंबर
पुन्हा तेच रान. आक्का पार लांब गेलेली, नुसता लाल पदर दिसत होता. मला खूप भीती वाटली.

१८ डिसेंबर
आज न्हाणीची कडी लागली नव्हती.
लेप खांद्याला नव्हताच. छातीवर होता — खाली लिंबाएवढी गाठ.
पदर ओढून घेत म्हणाली, "दुखत न्हाई गं. कवाचीच हाय."