प्रागमध्ये टाकून आलेलं पाकीट

प्रिय आई,

जय भीम.

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दोन वर्षं जर्मनीत शिकत होते, पण कधी दोन ओळी खरडल्या नाहीत. गरजच काय होती? रोज तुझा फोन असायचाच. "जेवलीस का?" इथून सुरुवात आणि "नीट पांघरूण घे" इथे शेवट. मधलं सगळं मी नुसतं हं हं करत ऐकायचे, एका हाताने लॅपटॉप चालवत. आता फोन येत नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय.

आज शनिवार. उद्या दुपारी इनेश आणि ऋचा आपल्याकडे जेवायला येतायत. इनेश म्हणजे माझ्या वर्गातली पोर्तुगालची मुलगी, सध्या भारत फिरतेय. ऋचा पुण्याची, तिकडे माझ्याच खोलीत राहायची. तू दोघींना कधी भेटली नाहीस, पण त्यांच्या आयांची दुखणी-खुपणीसुद्धा तुला ठाऊक होती. तर त्या येणार म्हणून चाळीतली आपली सगळी गॅलरी कामाला लागलीय. आणि आज सकाळी शेजारच्या जाधवकाकीने मला तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. पण काकीचं नंतर. आधी माझं सांगू दे, कारण चूक माझी आहे.

गेल्या जानेवारीत सुट्टी संपवून मी परत निघाले होते. "आई, वासाचं काही देऊ नको हां," असं मी तुला तीनदा बजावलं. तूही तीनदा "नाही गं बाई" म्हणालीस. आणि पप्पा टॅक्सी बघायला खाली उतरले तेवढ्यात माझ्या सॅकच्या तळाला, जाड मोज्यांच्या खाली, चार पिशव्यांत गुंडाळलेलं पाकीट कोंबलंस. विमानतळावर कानाशी येऊन सांगितलंस, "खाली खाऊ ठेवलाय. एकटी खाऊ नको, मैत्रिणींना पण दे." मला वाटलं चिवडा असेल. काय गं आई, तीनदा सांगूनही तू करायचं तेच केलंस!

पुढच्याच शुक्रवारी आम्ही तिघी प्रागला गेलो, शनिवार-रविवार काढायला. मी तीच सॅक उचलली. वरचे दोन कपडे बदलले, तळाला हातसुद्धा घातला नाही.

तुला ते शहर दाखवायला हवं होतं. नदीवर एक जुना दगडी पूल आहे, दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे. तू असतीस तर प्रत्येकासमोर थांबून विचारलं असतंस, हा कोण, ह्याने काय केलं? मी दोन सांगून कंटाळले असते. चौकात एक जुनं घड्याळ आहे, दर तासाला त्यातून बाहुल्या फिरतात, आणि त्या मिनिटभराच्या खेळासाठी शेकडो माणसं थंडीत माना वर करून उभी. तू म्हणाली असतीस, "एवढंच?" आणि तिथेच पायरी पुसून डबा उघडला असतास.

तू कुठेही उघडायचीस डबा. राणीच्या बागेत, गिरगाव चौपाटीवर, एकदा तर म्युझियमच्या लॉनवर, वॉचमन ओरडेपर्यंत. मी लाजायचे. "लोक बघतात, आई." तू म्हणायचीस, "बघू देत. भूक लागली असेल, विचार त्यांना." आणि खरंच विचारायचीस. सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या माणसांना तू वर्षानुवर्षं पोळी-भाजी वाढलीस, ओळख ना पाळख. कुणी घास घेतला की तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. ते सगळं मी पाहिलेलं होतं, आणि तरी जे केलं ते केलंच.

शनिवारी संध्याकाळी दिवसभर हिंडून आम्ही भाड्याच्या घरी परत आलो. दार उघडलं आणि आत वास! सकाळी जाताना मी सॅक हीटरला टेकवून ठेवली होती. दिवसभर तळ तापत राहिला असणार. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करताना आपल्या गॅलरीत असतो ना, सुक्या मासळीचा, तोच वास. मला क्षणात कळलं, चिवडा नाही, बोंबील. मागच्या वेळीही तू बोंबीलच दिले होतेस.

ऋचाने ओढणी नाकाला लावली. "ई, काय मेलंय का इथे?" म्हणत खिडक्या उघडायला धावली. तिच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. इनेश मात्र जागच्या जागी उभी राहिली, डोळे मिटून. म्हणाली, माझ्या आजीच्या गावात किनाऱ्यावर मासे वाळत घालतात, अगदी हाच वास, कुठून येतोय? आणि ती वेडी ओट्याखालचं कपाट उघडून शोधायला लागली.

आई, तेव्हा बोलायला हवं होतं ना गं मी? एक वाक्य. "माझ्या आईने दिलंय." इनेशने उडी मारली असती. पण माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. मी ऋचाच्या ओढणीकडे बघत होते. तोंडातून निघालं, "आधीच्या भाडेकरूंनी काहीतरी ठेवलं असेल."

मग सॅक बाथरूममध्ये नेली, पाकीट जॅकेटच्या आत घातलं आणि "दूध आणते" सांगून खाली उतरले. मागच्या अंगणात कचऱ्याचे चार रंगांचे चार डबे. प्लास्टिक वेगळं, ओलं वेगळं, भिंतीवर चित्रं काढून समजावलेलं. मी तिथे उभी राहून विचार करत होते, तुझ्या पिशव्या सोडवून वेगळ्या टाकायच्या की काय! शेवटी न उघडता सगळंच्या सगळं काळ्या डब्यात टाकलं. झाकण लावलं. खरंच दूध घेऊन वर गेले आणि तिघींसाठी चहा केला.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. सातवीत असताना मी डबा उघडला आणि शेजारच्या मुलीने बाक सरकवून घेतला. बोलली काहीच नाही, फक्त बाक सरकवला. त्यानंतर मी डब्याला रोज बटाट्याची भाजी मागायचे. तुला वाटायचं, पोरीला बटाटा फार आवडतो. कंटाळून कंटाळून खाल्ला मी तो बटाटा, आई. परक्यांची भीती मला कधीच वाटली नाही. मला भीती आपलीच भाषा बोलणाऱ्यांची.

रविवारी सकाळी आम्ही ट्रामची वाट बघत होतो आणि तुझा फोन आला. "खाऊ खाल्लास का? दिलास का पोरींना?"

मी चार पावलं बाजूला गेले आणि धडधडीत खोटं बोलले. "हो गं, कालच खाल्ला. बोंबील मस्त होते. भाजून खाल्ले तिघींनी. इनेश तर बोटं चाटत होती."

तू जरा वेळ काहीच बोलली नाहीस. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणालीस, "बरं झालं. पोटभर खाल्लंत ना?" आणि लगेच पांघरुणाचं विचारलंस. ट्राम आली, मी फोन ठेवला.

त्यानंतर दीड महिन्यात तू गेलीस. छातीत दुखतंय म्हणालीस, आणि पप्पा तुला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. मी विमानाने येईपर्यंत त्यांनी तुला थांबवून ठेवलं होतं. तुझे हात इतके गार लागले मला.

तुझ्या पुण्यानुमोदनाला भंतेजींचं झाल्यावर बायका तुझ्याबद्दल बोलायला उभ्या राहिल्या. जाधवकाकी म्हणाली, "आमच्या सुमनच्या हातचं तिकडे युरोपातल्या पोरींनी खाल्लं. बोटं चाटली त्यांनी. गॅलरीत प्रत्येकीला थांबवून सांगत होती बाय माझी." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली, "हो" म्हणून. तुझ्या फोटोसमोर बसून, आई. पांढरी साडी नेसून.

आता इनेश येतेय म्हटल्यावर काकीने सगळ्यांना वर्दी दिली, "तीच ती, बोटं चाटणारी." उद्या कुणी ना कुणी तिला विचारणार, सुमनचे बोंबील आवडले होते ना? ती बिचारी काय सांगणार? चार दिवस मला घास गेला नाही. इनेशला फोन करून सांगावं, जरा हो म्हण, इथपर्यंत माझी मजल गेली होती. नाही केला तो फोन, एवढंच माझ्या बाजूने.

गुरुवारी ऋचाला मात्र सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चिडली. "मी एवढी वर्षं तुझ्या खोलीत राहिले आणि तू मला असली समजलीस?"

मी म्हटलं, "हो, समजले. तू ओढणी लावलीस ना नाकाला?"

"लावली. मला तो वास सहन होत नाही, अजूनही होणार नाही. पण तू सांगितलं असतंस तर मी खाली जाऊन बसले असते. तुला टाकायला थोडंच लावलं असतं?" थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "रविवारी येऊ की नको?" मी म्हटलं, ये. तुझ्यासाठी वरण-भात करते, पण पंगत एकच असेल. ती बरं म्हणाली.

आणि आज सकाळी काकीकडे गेले. ती दारात बसून बोंबलांची डोकी काढत होती, उद्याची तयारी. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. कुणी काही खाल्लं नाही, काकी. मी पाकीट कचऱ्यात टाकलं. बोंबील भाजले वगैरे सगळं खोटं.

काकीने हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "बोंबील नव्हतेच त्यात."

मी म्हटलं, मग काय होतं?

"सोडे होते, सोललेल्या सुक्या कोळंबीचे. माझ्या भावाने गावाहून आणलेले, मोठे मोठे. मी आणि तुझ्या आईने बसून निवडले. स्वतः एक तोंडात टाकला नाही तिने. पोरीला जाऊ देत, म्हणाली. तुझा फोन झाला आणि ती गॅलरीत येऊन सांगायला लागली, पोरींनी बोंबील खाल्ले, बोंबील खाल्ले. मी म्हटलं, अगं सुमन, बोंबील कुठले, सोडे ना? तर माझा हात दाबला तिने. म्हणाली, गप. पोर म्हणते बोंबील, तर बोंबील."

आई, म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. मी पाकीट उघडलंसुद्धा नाही, हे तुला त्या फोनवरच कळलं होतं. ती रेंज गेली नव्हती. तेवढ्यात तू ठरवलंस, पोरीला उघडं पाडायचं नाही. एवढंच नाही, कुणी पुढे कधी विचारू नये म्हणून माझं खोटं तू स्वतःच्या तोंडाने प्रत्येक दारात सांगून आलीस. जी बाई आयुष्यात भाजीवाल्याशीही खोटं बोलली नाही तिने!

रागवायचं होतंस गं. "कुठे टाकलंस सांग" म्हणून ओरडायचं होतंस. मी रडले असते, मग सांगितलं असतं, बाकाचं पण सांगितलं असतं. दीड महिना होता आपल्याकडे. तू रोज फोन केलास आणि एकदाही विषय काढला नाहीस. एकटीने कसं गिळलंस? आणि मनात काय म्हणालीस, पोरगी परदेशात जाऊन आपल्याला लाजायला लागली? हे मला कुणीच सांगू शकणार नाही. काकीलाही ठाऊक नाही, मी विचारलं.

काकी म्हणते, उद्या तोंड उघडू नको, गेलेल्या माणसाचा शब्द खाली पाडू नये. तिचं म्हणणं मला कळतं. पण मी नाही ऐकणार. दुपारी जाऊन सोडे आणलेत. उद्या वांगं घालून मीच करणार आहे, बिघडलं तर बिघडलं. पंगत बसली की आधी इनेशला सांगेन, त्या दिवशी तू जे शोधत होतीस ते माझ्या जॅकेटमध्ये होतं. मग सगळ्या गॅलरीला सांगेन की माझी आई खोटं बोलली ते माझ्यासाठी. तुझा शब्द खाली पडला तर पडू दे, आई. मला पाठीशी घालून घालून तू थकलीस, आता पुरे. आणि ह्यापुढे कुठल्याही देशात, कुणाच्याही समोर, कुणी नाक दाबून विचारलं की हे कुणाचं, तर मी पहिल्या दमात सांगेन. माझं आहे. माझ्या आईने दिलंय.

तुझीच,
प्रज्ञा