तिसरं नाव

॥ श्री ॥
३ मार्च

चि. भाऊजींस अ. उ. आशीर्वाद.

फोनवर बोलले तर आत आईंना ऐकू जाईल, म्हणून पत्र. नव्या संगणकावर सगळं बसवलं, पण औषधांची वही काही उतरेना. ह्यांची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे: आईंना गोळी दिली की आपल्या फोनमधल्या वहीत लिहायचं, म्हणजे माझ्या फोनवर दिसे आणि दुसऱ्यांदा दिली जात नसे. हे गेले तरी ती पद्धत मोडवत नाही. ‘सिंक अडलं आहे’ एवढंच येतं. घरचा इंजिनिअर दीर असताना बाहेरचा माणूस कशाला बोलवू?

कृपा ठेवा.
तुमची वहिनी

७ मार्च

ती. वहिनींस सा. नमस्कार.

फुकटचा दीर हजर आहे. नव्या यंत्रातली तारीख बघा. ती चुकली की सिंक अडून बसतं. मग जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. तुमचा फोन आणि संगणक, दोनच नावं हवीत. आईला नमस्कार.

आपला धाकटा

११ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

तारीख दोन वर्षं मागे होती. सुधारताच वही भराभर उतरली. शेवटी त्याच दिवसाची ओळ: ‘सकाळी आठ. आईला गोळी दिली.’ मी दिली नव्हती. पाकीट मोजलं, एक कमी. आई म्हणाल्या, “तो देऊन गेला की.”

यादीत तिसरं नाव ह्यांच्या फोनचं आहे. तो तर बॅटरी काढून माझ्या कपाटात ठेवलेला. आता रोज ओळ येते. दुसरी गोळी पोटात गेली तर, या धास्तीने मी देत नाही. देव पाण्यात ठेवून बसले आहे.

वहिनी

१४ मार्च

ती. वहिनींस नमस्कार.

गोळी आईच काढून घेत असेल, वय झालंय तिचं. पाकीट कुलपात ठेवा, तिसरं नाव आजच काढा. बावीस तारखेला, रविवारी, पहाटेच्या गाडीने येतो.

धाकटा

१९ मार्च

चि. भाऊजींस आशीर्वाद.

नाव काढलं. ओळी थांबल्या. पण आई माझ्या हातून गोळी घेईनात. तोंड घट्ट मिटून दाराकडे बघत बसत. तिसऱ्या दिवशी रक्तदाब इतका चढला की डॉक्टरीणबाईंनी मलाच फैलावर घेतलं.

मग मी नाव परत जोडायला घेतलं. त्याला म्हणे त्या फोनवरून होकार लागतो. फोन माझ्या मांडीवर होता, बॅटरीविना, काळाठिक्कर. होकार लगेच आला.

आज आई शांत आहेत. पाकीट कुलपात, किल्ली माझ्या कमरेला, आणि गोळी एक कमी. पाप असेल तर माझ्या माथी.

रविवारी अवश्य या. फक्त आठ वाजून जाईपर्यंत आईंच्या खोलीत जाऊ नका.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी