नकाशात हिरवा निघालेला डोंगर

ती. दाजी खाम्पान यांना धाकटा मेहुणा बुनलोम याचं दोन्ही हात जोडून, डोकं नेहमीपेक्षा जरा जास्तच झुकवून वंदन. ताईचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला? लोईच्या डोंगरात थंडी फार, अंगावर घेऊन बसत जा. (इतकी चौकशी मी कधी करत नाही, हे मलाही कळतं.)

इकडे सगळे मजेत. माझा डावा पाय तेवढा प्लास्टरात आहे. त्याची हकिगत नरीरतपासून सुरू होते. विद्यापीठातली संशोधक, पण वयानं आमच्या धाकटीएवढी. फायुंगची झाडं, ज्यांच्या लाल, किमती लाकडावर चोर टपलेले असतात, ती आज कुठं उभी आहेत, तिथं पाऊस किती, ऊन किती, माती कसली, हे सगळं तिनं कॉम्प्युटरला शिकवलं आणि तशा जागा आणखी कुठं आहेत, हवा अशीच तापत गेली तर पन्नास वर्षांनी कुठं उरतील, याचा नकाशा काढला. तो पायी फिरून पडताळायला तिला जंगलातला माणूस हवा होता. मी तीस वर्षं वनरक्षक. (त्यातली चार ऑफिसात गेली, पण ते तिनं विचारलं नाही.)

नकाशातला पहिला ठिपका निघाला बरोबर मठाच्या संडासावर. मी पोट धरून हसलो. तिनं शांतपणे वहीत लिहिलं, इथं झाड नाही. म्हणाली, "काका, चुकलेलंही लिहायचं असतं." आमच्या साहेबांनी तीस वर्षांत असं एकदाही केलं नव्हतं.

दुसरा ठिपका ओढ्याच्या घळीत होता. तिथं फायुंग निघालं तर मिशीला पला रा, ती आंबवलेली वासाची मासळी, चोपडून बाजारातून फिरेन, असं मी म्हणून बसलो, आणि हात नाचवून ते पटवताना घसरलो. तीन माणसांच्या उंचीइतका खाली जाऊन मी ज्या खोडाला मिठी मारली, ते फायुंगचं होतं, चांगलं कवेत न मावणारं. त्याच्या वरच्या वाटेनं मी जन्मभर गस्त घातली होती, दाजी. पोरगी उतरली, तिनं आधी झाडाचा घेर मोजला, मग आपल्या पंच्यानं माझा पाय बांधला. (क्रम मला पटला.) मग मला खांद्यावर रेलवून दोन कोस चालवत आणलं, आणि मिशीचा विषय काढला नाही.

घरी चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खाता खाता मी विचारलं, आमच्या गावाचं पुढे काय? तिनं घास खाली ठेवला.

"मोठी झाडं बहुतेक तगतील, काका. पण त्यांचं बी इथं रुजणं अवघड होईल. खात्री नाही देत मी. नकाशा तसं म्हणतोय."

मठामागचं मोठं फायुंग चोरांनी कापलं, त्याच्या आधीच्या हंगामात आमच्या हिनं, बुआलाईनं त्याच्याखालचं बी वेचलं होतं. त्याची साठ रोपं परसात आहेत. त्यांची आई आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात पलंग होऊन पडली असेल. बुआलाई उठली आणि सकाळीच पाणी घातलेल्या रोपांना पुन्हा पाणी घालून आली.

मग नकाशात फायुंगचं हिरवं राहणार कुठं, म्हणून मी विचारलं, तर नरीरतनं बोट ठेवलं ते तुमच्या डोंगरातल्या उतारावर. मी तीनदा विचारलं, बोट हललं नाही. ताईच्या लग्नापासून मी त्या जमिनीला 'दगडांची शेती' म्हणत आलो. ते शब्द मागे घेतो. (तुमच्या भाताबद्दलचे मात्र राहू द्यात.)

तुमचा आज्ञाधारक,
बुनलोम

ता. क. वरच्या अंगाचा पडीक तुकडा साठ रोपांना पुरेल.

ता. क. २. हे पत्र देणाऱ्या ड्रायव्हरला आधी जेवू घाला. रोपं त्याच्याच गाडीत आहेत.

ता. क. ३. पुढच्या सीटवर कुदळ घेऊन बुआलाई बसली आहे. साठही लागल्याशिवाय ती परत यायची नाही. विनंती मी करतोय, ती फक्त कळवायला आली आहे.