भाव किती?

नागपूर, शुक्रवार

तीर्थस्वरूप भिकूमामांस,

कमलेशचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? काशीदला परत होडीखाली सरपटत शिरताय असं कळलं तर नीरामामीला फोन करीन. (तिने पाठवलेली सुकट पोचली. सगळ्या मजल्याला कळलं.)

मी इथे चहाच्या कामावर टिकून आहे. सातवी नोकरी, पण या वेळी अजून पळालो नाही. आमची कंपनी संरक्षण खात्यासाठी सॉफ्टवेअर करते. कशाचं ते विचारू नका, करणाऱ्यांनाही नीट सांगितलेलं नाही. सध्या फक्त खर्च किती आणि महिने किती एवढाच अंदाज चाललाय, त्यालाच पाच महिने झाले. राहुलसाहेब ओळी मोजतात, म्हणजे कॉम्प्युटरात लिहायच्या ओळी. अजून एकही लिहिलेली नाही, पण मोजून झाल्या, दोन लाख चाळीस हजार. मृणालमॅडम म्हणाल्या, "मागच्या वेळीही अशाच मोजल्यात. दीड वर्षाचं काम चार वर्षं पुरलं."

हातात ट्रे होता, आणि माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे. म्हटलं, "आमचे मामा होड्या बांधतात. ते आधी लाकूड मोजत न्हाईत, मालकाला विचारतात, 'तुला भाव किती रं?'"

"म्हणजे दर?" राहुलसाहेब.

"न्हाय साहेब, भाऊ! एकट्याची होडी चार महिन्यांत पाण्यात. पुढे भावामागे दोन महिने. एक येऊन सांगणार पुढची नाळ, म्हंजे होडीचं टोक, उंच घ्या, दुसरा सांगणार केबिन मागे सरकवा."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "आपल्या मालकाला किती?" म्हणाल्या. कप मीच धुतो, म्हणून लगेच सांगितलं. खात्याकडून सूचना द्यायला अकरा वेगवेगळे साहेब येऊन गेलेत (तीन बिनसाखरेचे).

मामा, फाईल हिंदीत असते. त्यात आता छापलंय, 'भाव-गुणांक: अकरा'. खात्यातून शेरा आला, 'भाव उचित। आधार संलग्न करें।' त्यांना तो दर वाटला. मॅडम म्हणतात खुलासा करायचा नाही, आधार जोडायचा. तो आला तर मला कायम करतील. नाही आला तर हे फाईलमध्ये कोणी घुसवलं ते शोधतील, आणि शोधायला पँट्रीपलीकडे जावं लागणार नाही.

बाकी सर्व ठीक.

तुमचा भाचा,
कमलेश

ता. क. सोबतचा कागद म्हणजेच तो आधार. त्यावर सही करून स्पीड पोस्टाने पाठवा. खाली 'होडीवाला' लिहू नका, 'सल्लागार' लिहा. अनुभव पस्तीस वर्षं मीच टाकलाय.

पुन्हा ता. क. हे तुम्ही खरंच कधी बोलला होतात की ट्रे धरल्या धरल्या मलाच सुचलं, ते आता नक्की आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसेल तर आधी सही करा, मग आठवेल.