इंदूच्या पोटदुखीचा मी लावलेला छडा

४ मार्च १९६२, रविवार. केळापूर
आजपासून बायकोच्या, इंदूच्या आजाराची शास्त्रीय नोंद ठेवणार. पाळी दहा-दहा दिवस चालते, पोट फार दुखते. शेजारणी म्हणतात बाहेरचं आहे. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात अंगारा-धागा येत नाही. गरजही नाही. मी मलेरिया खात्यात आहे. तीन वर्षांत चार हजार लोकांच्या बोटाचं रक्त घेतलं. रक्तातलं मला कोणी शिकवू नये.

५ मार्च
इंदूचं बोट टोचून रक्त काचेवर घेतलं. ती म्हणाली, एवढं जाऊन राह्यलं, त्यातलंच घ्या ना, बोट कायले टोचता. अडाणी प्रश्न. दुर्लक्ष केलं.

१९ मार्च
स्लाइडचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. म्हणजे इंदूला काहीही झालेलं नाही. आनंदाची बातमी लगेच सांगितली. ती पोटाशी गरम वीट धरून पडली होती. बरं म्हणाली. भाकरी मी थापल्या. पोरांनी शेजारी जाऊन वरण-भात खाल्ला.

२ एप्रिल
पुन्हा तेच. ओठ पांढरे, उठताना खाट धरते. खूप विचार केला. कारण चहा. इंदूचा चहा आजपासून बंद. माझा चालू ठेवला, तुलनेसाठी घरात एक निरोगी माणूस लागतो.

९ एप्रिल
खात्याच्या चार गोळ्या दिल्या. तिनं त्या पदराला बांधून ठेवल्या. औषधाची एवढी काळजी घेणारा पेशंट मी पाहिला नाही.

३० एप्रिल
मी झरीकडे दौऱ्यावर असताना इंदू विहिरीवर चक्कर येऊन पडली. बायांनी उचलून घरी आणलं. पांढरकवड्याहून तिची मोठी बहीण कौसल्या आली. म्हणाली, भाऊजी, तुम्ही मच्छर पाहा, हिले मी यवतमाळले नेतो. माझं निदान अर्ध्यावर आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. ती गाठोडं बांधत राहिली. पोरं शेजारणीकडे ठेवून सोबत जाईन. डॉक्टरांना माझ्या नोंदी लागतीलच.

३ मे. यवतमाळ
डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं. म्हणाल्या, गर्भपिशवी तीन महिन्यांच्या गरोदर बाईची असते तेवढी फुगली आहे, पण मूल नाही. अंगात रक्त फार कमी. मी मलेरियाचा रिपोर्ट पुढं केला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि मला पाणी आणायला पाठवलं. परत आलो तोवर कौसल्याशी सगळं ठरलेलं. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन करून पिशवी काढायची.

६ मे
माझं रक्त जुळलं. मी लगेच बाही वर केली. सुई पाहिली, बाटली पाहिली. पुढचं आठवत नाही. ऊन फार होतं. कौसल्याचंही जुळलं होतं. तिनं दिलं.

११ मे
ऑपरेशन झालं. दोन तास बाकावर बसलो. वही उघडी होती, काही लिहिलं नाही. बऱ्याच वेळानं इंदूनं डोळे उघडले. विचारलं, पोरायनं खाल्लं काय. मी हो म्हणालो. तिनं पुन्हा डोळे मिटले. मला थोडं पाणी प्यावं लागलं.

२ जून
पिशवीचा तुकडा नागपूरला तपासायला गेला होता. बाईंनी नाव सांगितलं, ॲडिनोमायोसिस. पिशवीचं आतलं अस्तर तिच्याच भिंतीच्या मांसात शिरलं होतं. दर महिन्याला ते तिथल्या तिथं सुजायचं, पाझरायचं. म्हणून एवढं दुखणं आणि एवढं रक्त. कॅन्सर नाही. बाहेरचं नाही. इंदूची काही चूक नाही. पक्कं नाव पिशवी काढून तपासल्यावरच कळतं, म्हणाल्या. म्हणजे माझं निदान फारसं चुकलं नव्हतं.
भिंत म्हटल्यावर मी पुढं सरकलो. भिंतींचा विषय माझा. विचारलं, आतून डीडीटी फवारता आली असती का. बाईंनी इंदूला विचारलं, हे घरीसुद्धा असेच असतात का. इंदू हसली. टाके दुखले म्हणून पोट धरून हसली.

१२ ऑगस्ट, रविवार. केळापूर
गावात आणखी पाच-सहा बायांना तीच तक्रार. म्हणून आमच्या ओसरीवर माझं व्याख्यान ठेवलं. दोन आठवडे तयारी, पाटीवर खडूनं पिशवीची आकृती. वीसेक बाया आल्या. तांड्यावरची रुपीबाई आकृती पाहून म्हणाली, हा कोहळा कायले काढला. मग सगळ्या म्हणाल्या, नागोराव, तुम्ही बाहेर बसा, इंदूले बोलू द्या.
अंगणात बसलो. आतून इंदूचा आवाज येत होता. सांगत होती, आठ वर्षं झाले. लहानी पोरगी झाली तवापासून. दोन-दोन लुगडे नेसून वावरात निंदायले गेली. कोणाले सांगू, आमच्या घरी तर समदं मलेरियातच बसते. बाया हसल्या. मग एकेक बाई आपलं सांगू लागली.
दवाखान्याच्या कागदावर मी 'त्रास सहा महिन्यांपासून' असं लिहून दिलं होतं.
बाया गेल्यावर तिनं विचारलं, काय काय आयकलं. मी म्हणालो, नीट ऐकू आलं नाही.
ती म्हणाली, मंग बसा, पुन्हा सांगतो.
बसलो.