वेढलेलं शहर आणि तुमचा शनिवार

बाई, तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी ज्या कामाला लागले, ते ऐकून तुम्ही आधी हसला असता. नागपूरच्या एका कचेरीत बसून, दूरच्या देशांत पुढं काय होईल याचा अंदाज मी बांधते. परदेशात विजेचे मनोरे उभारणाऱ्या कंपन्या आपली माणसं कुठं ठेवायची, कुठून काढायची, हे त्यावर ठरवतात. सध्या आमच्यासमोर एकच प्रश्न आहे. आफ्रिकेतल्या एका देशाच्या राजधानीला बंडखोरांनी वेढा घातलाय. डिझेलचे टँकर वाटेतच जाळतात, पंपांवर रांगा लागल्यात, शाळा बंद आहेत. महिना संपायच्या आत ते शहर ताब्यात घेतील का? आपल्या जिल्ह्यातल्या चामोर्शी-आरमोरीकडचे काही गडी तिथं मनोऱ्यांच्या कामावर होते, म्हणून हा प्रश्न माझ्या टेबलावर आला. कचेरीत बहुतेकांचं मत पडलं की शहर जाणार. जळते टँकर पाहिले की तसंच वाटतं. मला मात्र तुमचा तो शनिवार आठवत राहिला.

सकाळची शाळा सुटायच्या बेतात आहे. जंगलातले बंदूकवाले दादा आज आपल्या शाळेच्या गावात, अहेरीत शिरणार, ठाणं घेणार, अशी आवई बाजारातून शाळेपर्यंत आलीय. दुकानं भराभर बंद होतायत. आतल्या खेड्यांतल्या आम्ही पोरी दर शनिवारी घरी जायचो, म्हणून पिशव्या भरून उभ्या आहोत. माझे बाबा सायकल घेऊन फाटकाशी आलेत. "बाई, पोरीले घेऊन जातो. इथी काही खरं नाई आता." तुम्ही खडूचे हात पदराला पुसले. "भाऊ, अहेरी घेतील असं मले वाटत नाई. रस्ता अडवायले दहा जण पुरतात. गाव घेतलं तर धरून ठेवा लागते, दवाखाना चालवा लागते, लोकायले खाऊ घाला लागते. तेवढी माणसं त्यायच्यापाशी नाई."

"मंग जाऊ द्या न पोरीले."

"गाव पडन का, हा एक सवाल. तुमचा रस्ता बरा आहे का, हा दुसरा. लोक दोन्हीचं एकच उत्तर देऊन राह्यले."

बाबा चिडले. पोरगी माझी आहे, म्हणाले. तुम्ही आवाज चढवला नाही. "तुमचीच आहे. मी चुकली तर उद्या मले बोला. पण आज थांबा, जेवून घ्या."

तुम्ही आम्हा सगळ्यांना तुमच्या दोन खोल्यांच्या घरी नेलंत. मोठ्या गंजात भात, अंबाडीची भाजी, जमिनीवर पोती अंथरलेली. अजून भात कोणाला हवा, हे तुम्ही मोडक्यातोडक्या गोंडीत विचारलंत आणि आम्ही पोरी फिदीफिदी हसलो. तुम्ही न रागावता बरोबर शब्द विचारून घेतलात आणि पुन्हा म्हणून दाखवलात. बाबा ओट्यावर पाठ फिरवून जेवले. उन्हं कलताना एक ट्रकवाला सांगत आला, आमच्या गावाकडच्या रस्त्यावर झाडं पाडलीत, पुढं एक जीप जाळलीय. अहेरीत कोणीच आलं नव्हतं. बाबा उठले, मोरीपाशी बसले आणि सगळ्यांची ताटं घासू लागले. आमच्या घरी त्यांना ताट घासताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी वर्गात मोठ्या अभिमानानं म्हटलं, बाई, तुम्ही म्हटलं तसंच झालं. तुम्ही मला उभंच ठेवलंत. "एकदा खरं ठरलं म्हणून मी शहाणी नाई झाली. उद्या चुकलं तर मले अडाणी म्हणशील का? शंभरातल्या नव्वद शक्यता माह्याकडून होत्या. पण उरलेल्या दहा खऱ्या ठरल्या असत्या तं तुम्ही पोरी इथीच सापडल्या असत्या न." तेव्हा मला फक्त बोलणी खाल्ल्याची लाज वाटली होती. आता वाटतं, इतकं स्वच्छ बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

गेल्या आठवड्यात बैठकीत मी सांगितलं, या महिन्यात शहर जायची शक्यता शंभरात दहा. बंडखोर त्याची उपासमार करू शकतात, ते चालवू शकत नाहीत. आणि तरीही माणसं आताच काढा, कारण उद्या विमानालाही तेल मिळणार नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, पडणार नाही म्हणता आणि काढाही म्हणता?" मी तुमचे दोन सवाल त्यांच्यापुढं ठेवले. मग विमानाची व्यवस्था झाली. गडी परत आले. काल चामोर्शीच्या एकाचा फोन होता. "ताई, काऊन आणलं आम्हाले? शहर तं उभंच आहे. तिकडं काम होतं, इथी काय आहे?" मी म्हटलं, भाऊ, माझं चुकलंही असेल. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "बरं झालं आणलं त्यायले."

महिना अजून संपलेला नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते कचेरीच्या कागदांत राहील. रोज सकाळी मी आधी त्या शहराची बातमी बघते आणि ते उभं आहे असं दिसलं की बरं वाटतं. ते तिथल्या माणसांसाठी वाटतं, की माझा अंदाज खरा ठरतोय म्हणून, हे बाई, मला अजून सांगता येत नाही.